आधी पाणी, मग शेजारी

उन्हाळ्यात सोसायटीचा टँकर चुकला की मला चाकणपलीकडे जमीन घेऊन स्वतःपुरतं पिकवावंसं वाटतं. पण जागा पारखायची कशी?

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १८व्या शतकाच्या सुरुवातीचं. गड बांधण्याआधी पाणी बघा, असं ते सांगतं. झरा असला तरी निर्धास्त राहू नका, टाकी बांधा. कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि पाणी जास्त लागतं. आंबा, फणस, चिंच लावा, जपा. वेळेला लाकूड लागतं. म्हणजे बॅकअपचाही बॅकअप.

पण साठा पुरेसा असतो का? चाकणचा संग्रामदुर्ग डोंगरावरचा नाही, भुईकोट. १६६०मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढवला. शेवटी मुघलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडवला. त्याच पावसाळ्यात शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून जेमतेम निसटले होते. चाकणला कुमक आलीच नाही.

साठ्याने दिवस निभतात. वेढा उठायला मात्र बाहेरून माणसं यावी लागतात. म्हणून आता जमीन बघायला गेलो की विहिरीनंतर लगेच विचारतो, शेजारी कोण आहे?