रेंज, डोंगर आणि मधली गाडी

३० जुलै २०१४, बुधवार. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. एस.टी.चा एक चालक सकाळच्या फेरीला माळीणकडे निघाला आणि गाव जिथं दिसायला हवं तिथं त्याला नुसता चिखल दिसला. डोंगर खाली आला होता. चाळीसहून अधिक घरं त्याच्या पोटात गेली होती. यंत्रणेला पहिली खबर लागली ती या चालकामुळं. मृतांचा आकडा पुढं १५१वर पोचला.

एस.टी.च्या चालकाची ही गोष्ट तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आली. तिच्यातल्या एका बाजूबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही. माळीणपासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर, शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडद आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारी कुजबुज टिपणाऱ्या महाकाय अँटेना तिथं उभ्या आहेत. आणि घोड नदीच्या खोऱ्यातली हाक घेऊन आला तो लाल डबा.

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांचा आणि बिनतारी संदेशांचा संबंध तसा जुना. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नारायणगावजवळ आर्वी इथं भारताचं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. त्याची तबकडी सुमारे ३० मीटर व्यासाची. डॉ. विक्रम साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी गेले आणि केंद्राला त्यांचं नाव मिळालं. तेव्हा ट्रंक कॉल लावून लोक तासन् तास बसत, आणि आर्वीची तबकडी ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहामार्फत समुद्रापारची संभाषणं जोडत होती. उपग्रह तरी काय करतो? खालून आलेला क्षीण आवाज उचलायचा, त्याची वारंवारता बदलायची, बळ द्यायचं आणि पुन्हा खाली सोडायचा. यालाच रिपीटर म्हणतात. आकाशात टांगलेला, एवढाच फरक.

आर्वीनंतर आलं खोडद. गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले त्यांचे सहकारी मीटर-तरंगलांबीच्या दुर्बिणीसाठी जागा शोधत होते. त्यांना शांतता हवी होती, कानांची नव्हे, रेडिओची. शहरांचा गोंगाट अडवायला भोवती डोंगर हवेत, पण पुणं फार लांबही नको. जुन्नरच्या पठारावर दोन्ही मिळालं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिथं उभ्या राहिल्या. चौदा मधोमध दाटीनं, आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वायच्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात. तारेच्या जाळीची ही काटकसरी रचना जगभर नावाजली गेली. थोडक्यात, ज्या डोंगरांमुळं इथल्या माणसाला रेंज मिळत नाही, त्याच डोंगरांमुळं दुर्बीण इथं आली.

डोंगर असे आड येतात, आणि हातातल्या बिनतारी सेटची कुवत तर आधीच बेताची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला मिळालेला एससीआर-५३६ हा एका हातात मावणारा सेट सव्वादोन किलोंचा होता आणि जमिनीवर त्याचा पल्ला जेमतेम दीड किलोमीटर. त्याआधी, १९२८मध्ये, डेट्रॉइटच्या पोलिसांनी गाड्यांत रेडिओ बसवले, पण ते फक्त ऐकायचे. उत्तर द्यायचं तर शिपायानं गाडी थांबवून फोन गाठायचा. न्यू जर्सीतल्या बेयोनच्या पोलिसांनी १९३३मध्ये गाडीतून बोलायची सोय केली. पण मग वेगळीच अडचण पुढं आली. गाडी बोलते, पण चोराच्या मागं गाडीतून उतरून पळालेला शिपाई मुका होतो.

गाडीतला रिपीटर जन्मला तो या अडचणीतून. आजच्या वॉकीटॉकीची ताकद चार-पाच वॅट, तर गाडीतल्या सेटची २५ ते ५०, आणि वर टपावर चांगली अँटेना. शिपायाचा आवाज गाडीपर्यंत पोचला की पुरे. गाडीतली पेटी तो उचलते आणि दुसऱ्या वारंवारतेवर दूरच्या टॉवरला पाठवते. सांगायला सोपं, करायला अवघड. एकाच गाडीत एक सेट ५० वॅटनं बोंबलत असताना शेजारच्या सेटनं कुजबुज ऐकायची, म्हणजे ढोल-ताशांच्या पथकात उभं राहून कुणाच्या कानगोष्टी ऐकण्यासारखं. त्यासाठी डुप्लेक्सर लागतो. नको ती वारंवारता गाळून टाकणारी धातूची ही नळकांडी जागा खातात, म्हणून बरेच जण सरळ दोन वेगळे पट्टे वापरतात: माणूस ते गाडी यूएचएफवर, गाडी ते कंट्रोल रूम व्हीएचएफवर. दुसरी भानगड गर्दीची. घटनास्थळी अशा चार गाड्या जमल्या आणि चौघींनी एकच हाक पुढं रेटली तर कंट्रोलला नुसती खरखर ऐकू येते. म्हणून एका वेळी एकच गाडी बोलते आणि बाकीच्या गप्प बसतात, अशी सोय या पेट्यांतच केलेली असते.

मात्र इथल्या भूगोलात वॅटपेक्षा उंची कामाला येते. माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून, सपाट जमिनीवर, रेडिओचं क्षितिज पाचेक किलोमीटरवर असतं. ३०० मीटर वर चढलात की तेच ७० किलोमीटरच्या पुढं जातं. भीमाशंकरच्या बाजूच्या खोऱ्यात उतरलेल्या माणसाला तेही पाच किलोमीटर मिळत नाहीत, कारण मधली सोंड आडवी येते. अशा वेळी खिंडीत उभी केलेली एक जीप दोन्ही बाजूंना पाहू शकते. गुराखी धारेवर उभा राहून अलीकडची हाळी पलीकडे देतो, तेच काम.

जुन्नर वन विभागात आणखी एक आडोसा आहे, उसाचा. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत बिबट्यानं उसालाच रान मानलं आहे. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र काढावं लागलं. पुरुषभर उंच, ओला ऊस रेडिओलहरी शोषतो, यूएचएफ तर जास्तच. फडात शिरलेल्या पथकाला बांधावरच्या गाडीचा आधार असणं ही चैन नव्हे.

माळीणनंतर दोन वर्षांनी, १९ ऑक्टोबर २०१६ रोजी, खोडदनं एक विलक्षण काम केलं. युरोपचं शियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याच्या अंगावरचा यूएचएफ ट्रान्समीटर होता काही वॅटचा, वॉकीटॉकीच्या तोडीचा, आणि वारंवारता ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास. पृथ्वीशी थेट बोलायला तो बनवलेलाच नव्हता. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी त्याचा आवाज उचलून पुढं द्यायचा, असा बेत होता. थोडक्यात, फिरता रिपीटर. तरीही सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरचा तो आवाज जुन्नरच्या जाळीदार तबकड्यांनी थेट ऐकला. संदेशाला यायला पावणेदहा मिनिटं लागली, आणि उतरण्याच्या जरा आधी तो थांबला. यान आदळलं होतं.

मंगळावरची वॉकीटॉकी ऐकणाऱ्या या कानाला नारायणगावच्या रस्त्यावरची वॉकीटॉकी केवढी मोठी वाटत असेल! अडचण खरी आहे. पोलीस, वन खातं आणि इतर जण वापरतात ते व्हीएचएफ आणि यूएचएफ पट्टे खोडदच्या ऐकण्याच्या पट्ट्यांतच पडतात. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावहून जाणारा मार्ग बदलायचं रेल्वे मंत्रालयानं ठरवलं तेही या दुर्बिणीच्या कारणानं, आणि त्यावरची स्थानिकांची नाराजी अजून ओसरलेली नाही. दुर्बीण इथं राहिलीच पाहिजे. पण तिच्यासाठी जपलेल्या शांततेची किंमत एखाद्या खोऱ्यानं मोजावी, हे पटण्यासारखं नाही, आणि तशी गरजही नाही. गाडीतला रिपीटर कायमचा टॉवर नव्हे. लागेल तेव्हा सुरू करायचा, काम संपलं की बंद. वारंवारता आणि वेळ खोडदशी आधी ठरवून घेतली तर दोघांचंही निभतं.

तेव्हा प्रशासनाकडं मागणं एवढंच: जून ते सप्टेंबर घोडेगावात, म्हणजे आंबेगाव तालुक्याच्या ठिकाणी, अशी एक जीप तयार उभी असावी. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाणलोटातल्या कोणत्या खिंडीतून कोणतं खोरं ऐकू येतं, त्याचा नकाशा तिच्या डॅशबोर्डवर चिकटवलेला असावा. तो नकाशा करायला पावसाआधीचे दोन दिवस, एक चालक आणि हातात सेट घेऊन वाड्या-वस्त्यांवर फिरणारी दोन माणसं लागतील.