आईची शिदोरी

पूर्वी सोनार ज्या गुंजांनी सोने तोलीत, त्या लाल अंगाच्या आणि काळ्या डोळ्याच्या बिया आपणां सर्वांच्या परिचयाच्या आहेत. या चिमुकल्या बीत जहाल विष असते. त्याच विषाच्या साह्याने आई आणि बाळ यांच्यामधले एक कोडे उलगडले, ही हकीकत मला नेहमीच नवलाची वाटत आली आहे.

१८९२ साली पॉल एर्लिख हा जर्मन संशोधक उंदरांना गुंजेचे व एरंडाच्या बियांचे विष आधी अगदी अल्प मात्रेने आणि मग हळूहळू वाढवीत देऊन ते सोसायला शिकवीत होता. हे सामर्थ्य पिलांना वारशाने मिळते काय, असा त्याचा प्रश्न होता. बाप विष सोसणारा आणि आई साधी असली, तर पिलांच्या पदरी काहीच पडत नसे. आई सोसणारी असली, की पिले सुरक्षित! मग त्याने पिलांची अदलाबदल केली. साध्या मादीची पिले सोसणाऱ्या मादीच्या अंगावर पाजली, आणि तीही बचावली. म्हणजे हा वारसा बीजाचा नव्हता. आईने बांधून दिलेली ती शिदोरी होती, आणि काही काळाने ती संपतही असे.

विषाचे जे, तेच विषाणूंचे. आईला गोवर येऊन गेला असेल किंवा लस टोचलेली असेल, तर तिच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. बरीचशी शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शिदोरीही अपुरी असते. जन्मानंतर चीक आणि दूध बाळाच्या घशाची व आतड्याची राखण करतात. तो पिवळसर चीक बाळाला बाधतो, असे म्हणून पिळून टाकण्याची चाल आपल्याकडे अनेक घरांत होती. अजूनही ती पुरती गेलेली नाही. गाईच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारीत खातो, आणि बाळाच्या हक्काचा चीक मात्र मोरीत!

१९६३ साली अमेरिकेत गोवराच्या लशीला परवाना मिळाला, तेव्हा एक नवीच अडचण पुढे आली. तान्ह्या बाळाला ती टोचली, तर आईची प्रतिपिंडे लशीतल्या दुबळ्या विषाणूलाही गारद करीत, आणि लस लागू पडत नसे. फार थांबावे, तर शिदोरी संपून बाळ उघडे पडे. इकडे आड, तिकडे विहीर! त्यातून आपल्या देशात पहिल्या मात्रेसाठी नऊ महिने पूर्ण होण्याचा मुहूर्त ठरला, आणि १९८५ पासून ही लस सार्वत्रिक लसीकरणात आली.

शिदोरी सरते आणि लस यायची असते, त्या मधल्या दिवसांत बाळाची राखण थोरली भावंडे आणि शेजारची मुले करतात, पण त्यांना लस टोचलेली असेल तरच. आणि जिच्या गाठीला काही नाही, ती आई तरी बाळाला काय देणार? म्हणून मला वाटते, आज लेकीला लस टोचून घेताना आपण तिच्या पोटी येणाऱ्या नातवंडाचीही तरतूद करीत असतो.