दूध तापवलंस का गं?

आई पहिल्यांदा अमेरिकेत आली तेव्हा फ्रीजमधला दुधाचा गॅलन बघून तिचा पहिला प्रश्न, "हे तापवलंस का गं?" इथलं दूध पाश्चराइज्ड असतं, तापवावं लागत नाही, हे मी परोपरीने सांगितलं. पातेलं गॅसवर चढलंच! पण मंडळी, शंभर वर्षांपूर्वी याच देशात एक बाई आईसारखंच सांगत होती, आणि तिचं मात्र कोणी ऐकत नव्हतं.

तिचं नाव ॲलिस इव्हान्स. जन्म १८८१, पेनसिल्व्हेनियातला. १९१० पासून ती सरकारी कृषी खात्याच्या दुग्धविभागात जिवाणूंवर काम करायची. तेव्हा इथल्या गोठ्यांमधून गाई गाभडण्याची साथ असे. त्या रोगाचा जंतू डेन्मार्कच्या बँग यांनी १८९७ मध्येच शोधला होता. तिकडे माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना महिनोन्‌महिने चढउतार होणारा ताप यायचा. त्याचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला, आणि तो शेळीच्या दुधातून येतो हे १९०५ नंतर कळलं. गाईचा रोग वेगळा, शेळीचा वेगळा, असंच सगळे धरून चालले होते.

इव्हान्सबाईंनी दोन्ही जंतू शेजारी ठेवून तपासले. जवळजवळ सारखेच! शिवाय वरून धडधाकट दिसणाऱ्या गाईंच्या दुधातही ते सापडत होते. म्हणजे गाईच्या कच्च्या दुधातून माणसालाही ताप येत असणार. १९१७ मध्ये त्यांनी हे जिवाणुतज्ज्ञांच्या सभेत मांडलं, १९१८ मध्ये छापलं.

झालं! इतक्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना जे दिसलं नाही ते हिला कसं दिसलं, असा एकूण सूर. बाईंकडे पीएच.डी. नव्हती, त्यात बाईमाणूस. थिओबाल्ड स्मिथसारखा दिग्गज विरोधात गेला. दूधवाल्यांनी तर पाश्चरीकरणाची यंत्रं विकणाऱ्यांशी तिचं संधान असल्याचा आरोप केला.

१९२२ मध्ये प्रयोगशाळेत तोच जंतू त्यांच्या अंगात शिरला. ताप, घाम, सांधेदुखी, थकवा. पुढे वीसेक वर्षं पुन्हापुन्हा. डॉक्टर म्हणत, नसांचा अशक्तपणा आहे. (हे निदान बायकांना किती सहज मिळतं!) दरम्यान इतरांनाही तेच पुरावे मिळू लागले, आणि १९२८ मध्ये त्याच जिवाणुतज्ज्ञांच्या संस्थेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

गोठ्यांतली मोहीम १९३४ मध्ये, दुष्काळात, सुरू झाली: तपासा, बाधित गुरं काढून टाका, कालवडींना लस टोचा. तरी १९५६ च्या तपासणीत सव्वा लाखाच्या आसपास कळप बाधित निघाले. सगळी पन्नास राज्यं एकाच वेळी रोगमुक्त ठरायला २००८ उजाडलं. यलोस्टोनच्या परिसरातल्या गव्यांमध्ये आणि एल्कमध्ये हा रोग अजून आहे. भारतात लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना टोचतात.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे खरवस. आमच्यातली काही घरं शेतावरून चीक आणतात, तो निदान वाफवला तरी जातो. पण सोबत येणारं कच्चं दूध 'धारोष्ण' म्हणून मुलांना कौतुकाने तसंच पाजतात. २०१८-१९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावरच्या कच्च्या दुधात गाईंना टोचायच्या लसीतलाच जंतू उतरला होता आणि एकोणीस राज्यांतल्या गिऱ्हाइकांना इशारा द्यावा लागला. या तापावर नेहमी दिलं जाणारं रिफाम्पिसिन त्या जंतूला लागूच पडत नाही.

आई पुन्हा येतेय डिसेंबरात. जाड बुडाचं पातेलं मी वर काढून ठेवलंय.