अ‍ॅम्प्लिफायरचा हम : आकडा खरा की कान?

महागड्या अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात ‘सिग्नल-टू-नॉइज ११० डेसिबल’ असं छापलेलं असतं. गाणं बंद करून स्पीकरला कान लावला, तर कधीकधी तरीही बारीक ‘घूंऽऽ’ ऐकू येतं. हाच हम. मग खोटं कोण? थोडं मागे जाऊ.

सुरुवातीचे रेडिओ बॅटरीवर चालायचे, त्यामुळे विजेचा हम नव्हता. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती विजेवरचे सेट आले आणि विजेची लय आवाजात शिरली. आपल्याकडे मुरगूड असो वा मुंबई, वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून आलेला हम मुख्यतः ५० आणि १५० हर्ट्झवर दिसतो. रेक्टिफायर लाटेच्या दोन्ही बाजू वापरतो, म्हणून पॉवर सप्लायचा हम १०० आणि २०० वर. म्हणजे नुसत्या आलेखावरूनही दोषाचा माग लागतो.

१९३३ साली अमेरिकेतल्या बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी कान कोणत्या वारंवारतेला किती दाद देतो, हे मोजलं. खालच्या स्वरांना आपला कान बराच मंद निघाला. त्यावरूनच पुढे ‘ए-वेटिंग’ आलं : मोजताना ५० हर्ट्झवर सुमारे ३० डेसिबल वजा, १०० वर सुमारे १९. म्हणून निव्वळ ५० हर्ट्झचा हम असेल, तर ८० डेसिबलचा आकडा यंत्राला हात न लावता ११० होतो! तुलना १ वॉटऐवजी १०० वॉटशी केली, की आणखी २० वाढतात.

ही फसवणूक नाही. ५० हर्ट्झ खरंच कमी ऐकू येतं. पण सरासरी कानाचा नियम प्रत्येक ऐकण्याला लागू पडत नाही. मिरजेचा तंबोरा घ्या. पुरुष गायकाच्या काळी एकला पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झवर लागते. शेजारी १०० चा हम असेल, तर तार विरत जाऊन दोन्ही आवाज सारखे होताना सेकंदाला चार हेलकावे येतात. सुरात मुरलेला कान ते पकडू शकतो. आकड्यात मात्र तिथले १९ डेसिबल आधीच वजा झालेले असतात.

म्हणून प्रबंधात नुसता डेसिबलचा आकडा लिहू नका. तुलना कशाशी, वेटिंग कोणतं, वारंवारतेचा पट्टा किती, हे लिहा आणि वेटिंगविना काढलेला आलेख सोबत जोडा. मोजमापातून काय वगळलंय हे वाचणाऱ्याला कळलं, तरच त्याला तुमचा आकडा तपासता येईल.