एक अस्सल, बाकी उल्हासनगरी

अंबरनाथला आयुष्य काढलेल्या माणसाला तीन विद्या आपोआप येतात. एक, लोकलमध्ये चौथी सीट मिळवणं. दोन, त्या चौथ्या सीटवर अर्ध्या अंगानं बसून झोपणं. आणि तीन, अस्सल माल कोणता नि नकली कोणता हे लांबून ओळखणं. यातली तिसरी विद्या ही शेजारच्या उल्हासनगरची देणगी.

फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली सुमारे लाखभर माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन पडली. १९४९ साली राजगोपालाचारींनी त्या छावणीचं उल्हासनगर केलं. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या या माणसांनी पुढं निम्म्या देशाला पँटी शिवून दिल्या. पँटींबरोबर आणखीही बरंच काही दिलं. त्यावर 'मेड इन यूएसए' असा छाप असे आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नकली माल अस्सलापेक्षा नेहमीच चकचकीत! अस्सल पेन गरिबासारखं निमूट लिहितं. उल्हासनगरी पेन आधी झगमगतं, मग खिशात गळतं.

आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचा भाचा. याला भयपटांचं वेड. रात्री साडेबाराला उशी पोटाशी धरून किंकाळ्या ऐकतो आणि सकाळी आठ वाजता झुरळ पाहून स्वतः किंकाळी फोडतो. परवा म्हणाला, "मामा, तुला माहितीये? हे सगळे व्हिलन खऱ्या खुन्यांवरून घेतलेत!" म्हटलं, दाखव बरं. अस्सल-नकलीचा प्रश्न निघाला की आम्ही अंबरनाथकर गप्प बसत नाही.

तर यातलं सगळ्यात गाजलेलं अस्सल खरोखरच मेड इन यूएसए आहे. विस्कॉन्सिन राज्यात प्लेनफील्ड म्हणून एक खेडं. तिथं एड गीन नावाचा बेताच्या अंगाचा, लाजाळू, बिनलग्नाचा गृहस्थ राहायचा. आई वारल्यावर त्यानं तिची खोली बंद करून जशीच्या तशी ठेवली. शेजारीपाजारी त्याला किरकोळ कामाला बोलवत, प्रसंगी पोरं सांभाळायलाही देत. १९५७ च्या नोव्हेंबरात गावातली एक दुकानदार बाई नाहीशी झाली. पोलीस गीनच्या घरी गेले, आणि तिथं त्यांनी जे पाहिलं ते चहाबरोबर वाचण्याजोगं नाही, म्हणून सोडून देतो. त्यानं दोन बायकांचे खून कबूल केले. घरातलं बाकीचं भयंकर सामान कबरी उकरून आणलेलं होतं.

एवढ्या भांडवलावर पुढं केवढी कारखानदारी उभी राहिली पाहा. तिथून साधारण अंबरनाथ ते व्ही.टी. एवढ्या अंतरावर रॉबर्ट ब्लॉक नावाचा लेखक राहत होता. त्यानं १९५९ साली 'सायको' ही कादंबरी लिहिली. तिच्यातला नॉर्मन बेट्स चाळिशीचा, सुटलेला, चष्मेवाला. हिचकॉकनं १९६० साली त्याचा देखणा, सडपातळ अँथनी पर्किन्स केला आणि चित्रपट कृष्णधवल असल्यामुळं रक्त म्हणून चॉकलेटचं सरबत वाहवलं. १९७४ साली दुसऱ्या कंपूनं गीनचं बिऱ्हाड विस्कॉन्सिनहून टेक्ससला हलवलं, त्याच्या तोंडाला कातड्याचा मुखवटा लावला आणि हातात यांत्रिक करवत दिली. गीनच्या खुनांत करवतीचा संबंध नव्हता. पण करवतीला आवाज असतो आणि चित्रपटाला आवाज लागतो. १९९१ च्या 'सायलेन्स ऑफ द लँब्ज'मधल्या खुन्यातही गीनचा एक तुकडा आहेच. एक अस्सल आणि तीन नकला! आमच्या कॅम्पातल्या दुकानदारानंही हात जोडावेत.

मूळ माल मात्र वेड्यांच्या इस्पितळात पडून होता. त्याच्यावर खटला चालला तो १९६८ साली. वेडाच्या भरात गुन्हा केला असं ठरून तो पुन्हा इस्पितळात गेला आणि १९८४ साली तिथंच वारला.

आता १९६८ म्हटलं की आमच्या पिढीला गीन आठवत नाही, आठवतो तो रमण राघव.

मी तेव्हा शाळेत होतो. खून पडत होते ते मुंबईच्या उत्तरेकडच्या उपनगरांत, झोपड्यांतून आणि उघड्यावर झोपलेल्या माणसांचे. जड, बोथट हत्यार, डोक्यात घाव, आणि करणारा गायब. पण भीतीला काही लोकलचा पास काढावा लागत नाही. ती एका दिवसात अंबरनाथला पोचली. आमच्या चाळीतले पुरुष सोटे घेऊन रात्रभर गस्त घालू लागले, आणि समोरून पलीकडच्या चाळीची गस्त आली की दोन्ही गस्ती एकदमच पळत. तो मांजराचं रूप घेतो अशी बातमी आली, तेव्हापासून आमच्याकडच्या मांजरांचं दूध बंद झालं. उंची सात फूट, डोळे लाल, अंगाला तेल... चाळीतल्या प्रत्येकानं आपापल्या कुवतीप्रमाणं भर घातली. म्हणजे चित्रपट निघण्याआधीच आम्ही त्याची उल्हासनगरी आवृत्ती काढून मोकळे झालो होतो!

आणि अस्सल? २७ ऑगस्ट १९६८ रोजी सब-इन्स्पेक्टर अॅलेक्स फियालो यांनी डोंगरीत त्याला धरला. फियालोंनी त्याचा जुना फोटो पाहून ठेवला होता. धरला तेव्हा अंगावर बुशशर्ट आणि खाकी अर्धी चड्डी. जवळ काय, तर चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड. हे राक्षसाचं सामान की एकट्या माणसाचं बिऱ्हाड? कोठडीत बरेच दिवस तो तोंड उघडेना. मग एक दिवस त्याला काय हवं विचारलं, तर म्हणाला, कोंबडी. ती पोटभर खाल्ल्यावर डोक्याला तेल, कंगवा आणि आरसा मागितला. भांग पाडून झाल्यावर तो बोलू लागला आणि ४१ खुनांची कबुली देऊन गेला. फाशीची शिक्षा झाली, पण मनाच्या न बऱ्या होणाऱ्या आजारामुळं १९८७ साली हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली. १९९५ साली तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकारानं वारला.

आता खरी मौज पुढं आहे. (मौज म्हणायला जीभ अडखळते, पण दुसरा शब्द नाही.) असा माणूस घडून गेल्यावर हिंदी भयपटवाल्यांनी त्याच्यावर झडप घालायला हवी होती की नाही? छे! आमच्याकडं भयपटाचा मक्ता होता रॅमसे बंधूंकडं. हे मूळचे रामसिंघानी. कराचीत रेडिओचं दुकान, साहेब गिऱ्हाइकांना नाव उच्चारता येईना म्हणून झाले रॅमसे. फाळणीनंतर मुंबईला आले. म्हणजे उल्हासनगरचे भाऊबंदच. त्यांचा १९७० चा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला, पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात तेवढा प्रसंग बघायला लोक येतात, हे पोरांनी हेरलं. १९७२ ला 'दो गज जमीन के नीचे' आला, १९८४ ला 'पुराना मंदिर', आणि त्यातला तो सहा फुटांच्या वरचा सामरी.

हा सिनेमा लागला तेव्हा आमच्या गावात चर्चाच झाली. कारण पुराना मंदिर आमच्याकडं खराखुरा आहे. १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर. तिथं सामरी कधी दिसला नाही, महाशिवरात्रीला रांग तेवढी दिसते.

मग रमण राघव असताना आम्ही सामरी का पसंत केला? माझं उत्तर साधं आहे. सामरी येतो तेव्हा विजा कडाडतात, कुत्री रडतात, वाद्यवृंद वर्दी देतो. तो लांबून ओळखू येतो. करवतवाला ओळखू येतो. ज्याच्याजवळ लसूण नि चहाची पूड आहे, तो ओळखू येत नाही. १९६५-६६ साली आमच्याच मध्य रेल्वेच्या कडेच्या झोपड्यांत १९ जणांवर हल्ले झाले होते, त्यातले ९ दगावले. तेव्हाही पोलिसांनी याला पकडलं होतं आणि पुराव्याअभावी सोडलं होतं. चित्रपट राक्षस बनवतो तो आपल्याला घाबरवायला नव्हे. खुनी आपल्यासारखा दिसत नाही, एवढा दिलासा द्यायला. तो दिलासा तिकिटाच्या पैशात स्वस्तच म्हणायचा.

हे ओळखलं श्रीराम राघवननं. त्यानं १९९१ साली रघुवीर यादवला घेऊन 'रमण राघव' केला. म्हणजे सामरीला रजा आणि शेजारच्या बाकावरच्या माणसाला काम. याच राघवननं २०१५ ला 'बदलापूर' काढला. घोडे बदलायचं ठिकाण म्हणून बदलापूर, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं; हिंदीवाल्यांनी त्यातला 'बदला' उचलून सूडाचं गाव केलं. बदलापूरकर दोन दिवस छाती काढून फिरले, मग नेहमीप्रमाणं लोकलला लोंबकळले. त्यात गुन्हेगार झालेल्या नवाजुद्दीन सिद्दीकीला पुढच्याच वर्षी अनुराग कश्यपनं 'रमण राघव २.०' मध्ये घेतलं. चारचौघांसारखा दिसणारा माणूस, आणि म्हणूनच भीती वाटते. अस्सलाच्या जवळ जाणारी नक्कल निघायला अर्धशतक लागलं.

पण भाच्याला मी शेवटी वेगळंच विचारलं. म्हटलं, खुन्याचं नाव तुला पाठ आहे, त्याच्या नटांची नावं पाठ आहेत. मेलेल्यांपैकी एकाचं सांग. तो गप्प झाला. त्यात त्याचा दोष नाही. ४१ जणांची कबुली झाली, पण खटला उभा राहिला तो मालाडकडच्या दोघांच्या खुनाचा. बाकीच्यांची बेरीज झाली. ती दिवसभर राबून रस्त्याकडेला आडवी झालेली माणसं होती.

भयपटात राक्षस यायचा असला की आधी हवेलीचं दार करकरतं. नायिका दचकून उठते, कडी लावते, निदान किंकाळी तरी फोडते. रमण राघव ज्यांच्याकडं गेला, त्यातल्या कित्येकांच्या घराला करकरायला दारच नव्हतं.