तळटीप : ४०१७ चिपच्या पिना

* लेखकाने येथे ‘४०१७ जोडून घ्यावी’ एवढेच म्हटले आहे. नवख्या वाचकासाठी थोडा खुलासा हवा. ही १६ पिनांची, दहापर्यंत मोजणारी सीमॉस चिप. खाच वर धरली की डावीकडची सर्वांत वरची पिन १; तिथून खाली ८ पर्यंत आणि उजवीकडून वर १६ पर्यंत क्रमांक जातात. १६ ला धन पुरवठा, ८ ला ऋण. पिन १४ वर क्लॉकचा सिग्नल खालून वर चढतो त्या क्षणी मोजणी एकाने पुढे सरकते. पिन १३ ची पातळी वर असेल तर मात्र मोजणी जागीच थांबते. पिन १५, म्हणजे रीसेट, वर गेली की पुन्हा शून्य. या दोन्ही वापरायच्या नसतील तर ऋणाला जोडाव्यातच. सीमॉसची इनपुट पिन मोकळी सोडली की ती आसपासचा विद्युत गोंगाट उचलते आणि दिवे वाटेल तसे पेटतात. खरा घोळ होतो तो आउटपुटांत. ० ते ९ ही आउटपुटे अनुक्रमे पिन ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११ वर आहेत. हा क्रम पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये, तक्ता समोर ठेवावा. सहाच दिवे फिरवायचे असल्यास सातवे आउटपुट, म्हणजे ६ क्रमांकाचे, पिन ५ वरचे, रीसेटला द्यावे. पिन १२ वरची कॅरी पुढच्या ४०१७ च्या क्लॉकला दिली की दशक मोजता येते. शेजारच्या आकृतीत पिन १३ ची जोडणी दाखवलेली नाही. वाचकांनी ती ऋणाला जोडून घ्यावी. — संपादक