कोपराचा हिशेब

अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरीसारखा भाग वर उचललेला दिसेल. ही पामारिस लाँगस नावाच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा. वर्गातल्या सर्व मुलांना हे करायला सांगितले, तर काहींच्या एका किंवा दोन्ही हातांत ती दिसणार नाही. त्यांना ती जन्मतःच नसते, आणि तिच्यावाचून त्यांचे काही अडतही नाही.

१९७४ साली लॉस एंजेलिसमध्ये एका शल्यविशारदाने हीच कंडरा एका खेळाडूच्या उजव्या मनगटातून काढून त्याच्या डाव्या कोपरात बसवली. त्या शस्त्रक्रियेने अनेक खेळाडूंना मैदानावर परत आणले. मात्र ज्या दुखापतीसाठी ती शोधली गेली, ती दुखापत पुढच्या ५० वर्षांत कमी झाली नाही. उलट ती अधिकाधिक कोवळ्या वयात दिसू लागली. असे का झाले, हे समजण्यासाठी आधी कोपराची रचना पाहू.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. तो १८.४४ मीटर अंतरावरच्या फलंदाजाकडे चेंडू टप्पा न पाडता फेकतो. क्रिकेटच्या गोलंदाजाला चेंडू टाकताना कोपर ठरावीक मर्यादेपलीकडे सरळ करता येत नाही. पिचरवर असे बंधन नसते. तो दंड खांद्याच्या रेषेत आणतो, कोपर साधारण काटकोनात वाकवतो आणि पुढचा हात मागे झुकवतो. मग धड आणि खांदा वेगाने पुढे येतात, पण चेंडू धरलेला हात क्षणभर मागेच राहतो. या क्षणी कोपराची आतली, म्हणजे शरीराकडची बाजू फाकण्याचा प्रयत्न करते. तिला धरून ठेवतो तो दंडाचे हाड आणि करंगळीच्या बाजूचे हाड यांना जोडणारा एक लहानसा अस्थिबंध.

या क्षणी किती जोर येतो? १९९५ साली ग्लेन फ्लायसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान चित्रणाच्या मदतीने प्रौढ, कुशल पिचरांच्या कोपरावरील आघूर्ण मोजले. ते सुमारे ६४ न्यूटन-मीटर भरले. आकड्यावरून कल्पना येत नसेल तर असे समजा: दंड बाजूला आडवा, कोपर काटकोनात, पुढचा हात पाठीमागे आडवा आणि तळहातावर सुमारे २० किलोचे वजन. हा भार प्रत्येक जोरदार फेकीत क्षणभर येतो, आणि एका सामन्यात असा तो अनेक वेळा येतो.

आता दुसरी बाजू. मृतदेहांच्या कोपरांवर केलेल्या प्रयोगांत हा अस्थिबंध सुमारे ३२ ते ३४ न्यूटन-मीटरला तुटला. काटकोनात वाकलेल्या कोपरावर येणाऱ्या अशा भारापैकी साधारण निम्मा वाटा हा अस्थिबंध उचलतो, असे १९८३ मधील एका अभ्यासात आढळले होते. ६४ चे निम्मे ३२. म्हणजे प्रत्येक जोरदार फेकीत अस्थिबंध तुटण्याच्या सीमेवरच असतो. तो तुटत नाही याचे कारण पुढच्या हाताचे स्नायू आकुंचन पावून भाराचा काही वाटा स्वतःकडे घेतात. स्नायू थकले की हा वाटा घटतो आणि अस्थिबंधावर जास्त भार पडतो. व्यायामाने स्नायू बळकट होतात. अस्थिबंध त्या प्रमाणात बळकट होत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असल्याने त्यातील बारीक चिरा लवकर भरूनही येत नाहीत.

ही दुखापत वैद्यकाला नवी नव्हती. १९४६ साली फिनलंडमधील वारिस यांनी भालाफेक करणाऱ्या खेळाडूंमध्ये तिचे वर्णन केले होते. बेसबॉलमध्ये मात्र 'हात मेला' एवढेच म्हटले जाई, आणि खेळाडू घरी जाई. लॉस एंजेलिस डॉजर्सचा विख्यात पिचर सँडी कोफॅक्स १९६६ साली वयाच्या ३० व्या वर्षी, ऐन भरात असताना निवृत्त झाला, तो कोपराच्या संधिवातामुळे.

याच संघाचा टॉमी जॉन १७ जुलै १९७४ रोजी सामन्यात चेंडू फेकत असताना त्याचा अस्थिबंध तुटला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला शस्त्रक्रिया केली. दोन्ही हाडांना भोके पाडून त्यांनी मनगटातली कंडरा त्यांतून ओवली आणि घट्ट ताणून बसवली. कंडरा एका जागेहून दुसऱ्या जागी बसवण्याचे तंत्र हातांच्या शस्त्रक्रियांत परिचित होते, परंतु पिचरच्या कोपरात ते कोणी वापरले नव्हते. यशाची शक्यता शंभरात एक, असे जोब यांनी सांगितले होते. जवळच्या मज्जातंतूला त्रास झाल्याने काही आठवड्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा संपूर्ण हंगाम गेला. एप्रिल १९७६ मध्ये जॉन मैदानावर परतला आणि १९८९ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. त्याच्या नावावरील २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

१९८६ साली जोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ खेळाडूंचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० जण पूर्वीच्या पातळीवर खेळू लागले होते. पुढे तंत्र सुधारले आणि आता पाचांपैकी सुमारे चार खेळाडू परततात. मात्र त्यासाठी वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते. बसवलेली कंडराही शेवटी त्याच भाराखाली येते. जपानचा शोहेई ओतानी याच्या कोपरावर ऑक्टोबर २०१८ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा करावी लागली.

आता मुलांकडे वळू. जॉनच्या शस्त्रक्रियेच्या नऊ वर्षे आधी, १९६५ साली, कॅलिफोर्नियातील डॉ. जोएल अ‍ॅडम्स यांनी ९ ते १४ वर्षांच्या १६२ मुलांच्या कोपरांच्या क्ष-किरण प्रतिमा तपासल्या. त्यांत ८० मुले पिचर होती, आणि त्या सगळ्यांच्या कोपरांत कमी-अधिक बदल दिसले. या वयात हाडाच्या टोकाजवळची वाढीची चकती अस्थिबंधापेक्षा कमजोर असते. म्हणून ओढ बसली की इजा आधी तिथे होते. चकती हाडात मिसळून गेली की, म्हणजे साधारण सोळा-सतराव्या वर्षांनंतर, तोच ताण अस्थिबंधावर येतो. याचा अर्थ असा की विशीत तुटलेल्या अस्थिबंधाची कहाणी बऱ्याचदा दहाव्या-बाराव्या वर्षी सुरू झालेली असते.

१९७६ मध्ये ह्यूस्टन आणि युजीन या शहरांतील पाहण्यांत चित्र इतके गंभीर आढळले नाही, आणि अ‍ॅडम्स यांच्या इशाऱ्याची धार कमी झाली. शिवाय मुलांच्या 'लिटल लीग' स्पर्धांत मर्यादा होती ती डावांची. पण एक डाव दहा फेकींत संपू शकतो किंवा चाळीस फेकींत. अस्थिबंधाला डाव कळत नाहीत, त्याला प्रत्येक फेक सोसावी लागते. ही साधी गोष्ट नियमात उतरायला २००७ साल उजाडले. त्या वर्षी लिटल लीगने फेकी मोजण्याचा नियम केला: ११-१२ वर्षांच्या मुलासाठी दिवसाला जास्तीत जास्त ८५.

तोवर मुलांचा खेळच बदलला होता. एकच मूल दोन-तीन संघांतून, जवळजवळ वर्षभर फेकू लागले. प्रत्येक संघ आपापल्या फेकी मोजतो, बेरीज कोणीच करत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, ४८१ मुलांच्या दहा वर्षांच्या अभ्यासात असे दिसले की वर्षाला १०० हून अधिक डाव टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट होता. २००६ च्या एका अभ्यासात, वारंवार थकलेल्या हाताने फेकणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता ३६ पट आढळली.

दुसरा बदल वेगाचा. १९७४ च्याच सुमारास चेंडूचा वेग मोजणारी रडारची बंदूक बेसबॉलमध्ये आली. जे मोजता येते त्याला भाव येतो. निवड करणारे वेग पाहू लागले, आणि मुले वेगासाठी सराव करू लागली. अमेरिकेच्या सर्वोच्च स्पर्धेत वेगवान फेकीचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी सुमारे १४७ किलोमीटर होता, तो २०२४ मध्ये सुमारे १५२ झाला. डिसेंबर २०२४ मध्ये त्या स्पर्धेच्या संयोजकांनीच प्रसिद्ध केलेल्या अहवालात, वाढता वेग आणि प्रत्येक फेकीत पूर्ण जोर लावण्याची पद्धत ही दुखापतींची प्रमुख कारणे मानली आहेत. २००७ ते २०११ या काळात अमेरिकेत झालेल्या अशा शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून अधिक १५ ते १९ वर्षांच्या मुलांवर झाल्या होत्या. ज्याच्यासाठी ती प्रथम केली गेली तो टॉमी जॉन ३१ वर्षांचा होता आणि वेगापेक्षा अचूकतेसाठी ओळखला जाई, हे येथे आठवावे.

आम्हाला सर्वांत चिंताजनक वाटते ती वेगळीच गोष्ट. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, शाळकरी बेसबॉलपटूंपैकी ५१ टक्के मुलांना वाटत होते की इजा नसतानाही, केवळ खेळ सुधारावा म्हणून, ही शस्त्रक्रिया करावी. ही समजूत कशी तयार झाली असेल, याची चर्चा वर्गात जरूर करावी. परतलेले खेळाडू सर्वांना दिसतात, न परतलेले कोणालाच दिसत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर केलेला पायांचा, पाठीचा आणि खांद्याचा शिस्तबद्ध व्यायाम विसरला जातो आणि श्रेय कंडरेला दिले जाते. निष्कर्ष काढताना होणाऱ्या चुकांचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

बेसबॉल आपल्या शाळांत फारसा नाही. पण भालाफेक आहे, आणि भार तोच आहे. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर मे २०१९ मध्ये मुंबईतच शस्त्रक्रिया झाली होती. आंतरशालेय स्पर्धा जवळ आल्या की एखाद्या गुणी मुलाकडून आठवडाभर रोज पन्नास फेकी करून घेण्याचा मोह होतो. त्याऐवजी एक वही ठेवावी. रोजच्या फेकी मोजून त्यात लिहाव्यात, मूल आणखी कुठे सराव करते तेही विचारावे, आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखते असे त्याने सांगितले तर त्या दिवशी फेक बंद करावी. जोब यांचे तंत्र गरज पडली तर उपलब्ध आहेच. पण बारा वर्षांच्या मुलाला त्या टेबलापर्यंत जाऊ न देणे हे मैदानावरच्या शिक्षकाच्या हातात आहे, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान ६० वर्षांपासून आपल्याजवळ आहे.